तुमच्या जर्नलमध्ये रिजेक्शन कुठं आहे?

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमच्यापैकी काहींबरोबर मी एका टेबलाला बसलेलो आहे. चार वर्षांपूर्वी एका स्वायत्त महाविद्यालयानं मला मेकॅनिकलच्या अभ्यास मंडळावर उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून घेतलं होतं. फौंड्रीवाल्याला असा मान रोज मिळत नाही, त्यामुळं इस्त्रीचा शर्ट घालून वीस मिनिटं आधीच पोचलो. पडद्यावर एक तक्ता होता. डावीकडं विषयाची उद्दिष्टं, वरच्या ओळीत पदवीची उद्दिष्टं आणि मधल्या प्रत्येक चौकोनात १, २ किंवा ३. तुम्ही त्याला सीओ-पीओ मॅपिंग म्हणता. एका विषयाचा ‘पर्यावरण आणि शाश्वतता’शी संबंध १ लिहायचा की २, यावर पाऊण तास चर्चा झाली. २ ठरला. मग सगळे माझ्याकडं वळले आणि विचारलं, “सर, इंडस्ट्रीला काय हवंय?”

मी म्हणालो, “सीएनसी, सॉलिडवर्क्स आणि कम्युनिकेशन स्किल.”

हे माझं मत नव्हतंच. दुसऱ्यांच्या भाषणात ऐकलेलं होतं, तेच ठोकून दिलं. तुम्ही माना डोलावल्या, इतिवृत्तात नोंद झाली, मी सही केली, काजू खाल्ले, मानधनाचं पाकीट घेतलं आणि घरी आलो. त्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते आज लिहितोय.

माझे वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरनं वाळूचा साचा उठवतात तो लाकडी नमुना; त्या साच्यात बीड ओतायचं. ऑईल इंजिनाच्या जमान्यातले. नदीचं पाणी शेतात चढवायला इंजिन, गुऱ्हाळात ऊस गाळायला इंजिन. त्या इंजिनांवर हे गाव उद्योगाला लागलं. वडील त्यांचे पॅटर्न सागवानात कोरून द्यायचे. त्यांच्याकडं एक पट्टी होती. दिसायला साधी फूटपट्टी, पण लबाड. तिच्यावरचे शंभर मिलिमीटर म्हणजे खरे एकशे एक. ओतलेलं बीड थंड होताना शेकडा एक भाग आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा आणि त्याचा हिशेब पट्टीतच भरून ठेवलेला. पण बीड सगळीकडं सारखं आकसत नाही. जाड भाग उशिरा थंड होतो, पातळ आधी. मधेच कुठंतरी ओढ बसते आणि तडा जातो किंवा पोकळी राहते. ते पट्टी सांगत नाही. ते सांगायला वडिलांचं एक कपाट होतं.

त्या कपाटात खराब झालेली कास्टिंग, म्हणजे ओतलेले नग होते. आमच्या भाषेत रिजेक्शन. हॅकसॉनं मधोमध कापलेली, आतली भोकं दिसतील अशी. प्रत्येकावर खडूनं तारीख आणि कारण लिहिलेलं. काहींवर कारणाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. नवीन पोरगा हाताखाली आला की पहिले आठ दिवस त्याला पॅटर्नला हात लावू देत नसत. कपाट पुसायला सांगायचे. पुसता पुसता पोरगा विचारायचाच, “आण्णा, ह्याला काय झालं होतं?” तिथून त्याचं शिक्षण सुरू.

मी गव्हर्न्मेंट पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला, १९८९ चा. पदवी नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणाला काढायला नको. वडिलांच्या वेळी या भागातल्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर सांगलीचं वालचंद कॉलेज जवळचं. ते १९४७ चं. पुढं १९८३ च्या सुमारास वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि पाच-सहा वर्षांच्या आत गोकुळ शिरगाव, कसबा बावडा, वारणानगर अशी कॉलेजं झाली. आज माझ्या भट्टीपासून दुचाकीवर अर्ध्या तासात कितीतरी कॉलेजं आहेत. दर उन्हाळ्यात तिथली पोरं माझ्याकडं इंटर्नशिपला येतात. वीस-बावीस वर्षांत दीड-दोनशे पोरं तरी बघितली असतील. हुशार आहेत, सांगतो. आमच्यापेक्षा जास्त वाचलेली, लवकर समजणारी. फक्त एका गोष्टीला घाबरतात. आकडा चुकला की अंगावर पाल पडल्यासारखी करतात.

का, ते मला एका जर्नलमुळं समजलं.

पुतण्या सिव्हिलला होता. त्याच्या टेबलावर फ्लुइड मेकॅनिक्सची जर्नल पडली होती. ओरिफिसचा प्रयोग. टाकीच्या भोकातून पाणी सोडायचं, खालच्या टाकीत किती सेकंदांत किती भरलं ते बघायचं आणि सीडी काढायचा, म्हणजे सूत्रानं यायला हवं त्याच्या किती पट पाणी खरं आलं तो आकडा. उत्तर होतं ०.६२. मी म्हटलं, छान. शेजारच्या पोराची जर्नल उघडली, ०.६२. अख्ख्या बॅचची सरासरी ०.६२. स्टॉपवॉच दाबायला एकाचा हात हळू, एकाचा चपळ, पाइपाला गळती, आणि उत्तर सगळ्यांचं एकच? पुतण्या हसला. म्हणाला, “काका, आधी ०.६२ लिहायचं. मग खालनं वर यायचं. रीडिंग शेवटी.”

खालनं वर यायचं! माझ्या शॉपमध्ये कुणी असं केलं असतं तर त्याला मी त्याच दिवशी हिशेब करून घरी पाठवला असता. पण पुतण्याचा दोष नव्हता. त्यानं आधी एकदा खरं रीडिंग नेलं होतं, ०.५४ आलं होतं. सरांनी पान फाडून “रिपीट” लिहिलं. रिपीट म्हणजे प्रयोग पुन्हा नव्हे, कारण लॅबचा तास पुढच्या आठवड्यात. रिपीट म्हणजे पान पुन्हा. ०.५४ का आलं, भोकाची कड घासली गेली होती का, खालच्या टाकीचा कॉक ठिबकत होता का, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवशी त्या लॅबमध्ये एकच खरी गोष्ट घडली होती आणि तीच फाडून टाकली.

मटेरियल टेस्टिंगचंही तेच. वीस जणांत एक सळई तुटते, तीही लॅबवाले मामा तोडतात, आणि वीस जर्नलांत माइल्ड स्टीलचा यंग्ज मोड्युलस, म्हणजे ताठपणाचा आकडा, पुस्तकातलाच, दोन पॉइंट एक गुणिले दहाचा पाचवा घात. आठवड्याला दोन तास प्रॅक्टिकलला एक क्रेडिट, एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या, २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांचे मिळून १६०. त्या १६० मधलं एकही क्रेडिट पोराला चुकलेल्या आकड्याबद्दल मिळालेलं नसतं.

पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपबद्दल तर बोलायलाच नको. फिटिंगचा जॉब, नर-मादी बसवायची. आमच्या गल्लीत तो तयार मिळतो. तीनशे रुपये, घासूनपुसून, नंबर पंच करून. एकदा एका पोरानं माझ्याच फिटरकडून करून घेतला आणि तो इतका चांगला झाला की त्याला दहापैकी दहा पडले. फिटर दहावी नापास. आठवडाभर शॉपमध्ये छाती काढून फिरत होता.

आता कोल्हापुरात बसून लिहितोय तर केटीचं बोललंच पाहिजे. या गावात केटीला दोन अर्थ. एक तुमची, विषय राहिला की लागते ती. दुसरी आमच्या नद्यांवरची, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. देशभरच्या पाटबंधाऱ्याच्या पुस्तकांत ‘के. टी. वेअर’ म्हणून येतो तो हाच. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा संपला की खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, टाकायचे आणि पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची, म्हणजे पुराबरोबर गाळही निघून जातो. बरग्यांच्या दोन रांगा आणि मधे माती, कारण फळ्यांच्या फटीतनं पाणी गळतंच. सिव्हिलच्या परीक्षेत यावर टीप लिहा येते, पाच मार्कांना. पोरं पाठ करतात. कसबा बावड्याचा राजाराम बंधारा कॉलेजच्या बसमधनं दिसतो. उतरून बघितलेली पोरं मला तरी फार भेटली नाहीत.

समजा तुम्ही त्यांना तिथं नेलं आणि म्हणालात, “बरग्यातनं किती पाणी गळतंय ते मोजा.” पुस्तकात उत्तर नाही. शेजारच्या बॅचची जर्नल उपयोगाची नाही, कारण त्यांनी गेल्या महिन्यात मोजलं तेव्हा माती नवीन होती. खालनं वर यायला खाली काही नाहीच. पोरं तरंगतं लाकूड सोडतील, दोरी टाकतील, एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट येईल. मग भांडतील. मला ते भांडण बघायचंय.

किंवा राधानगरी घ्या. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं धरण. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, ना मोटार ना माणूस. जुलै-ऑगस्टमध्ये रोज पेपरात येतं, अमुक दरवाजे उघडले, प्रत्येकातून १४२८ क्युसेक. म्हणजे सेकंदाला साधारण ४० हजार लिटर. इथं दरवाजे उघडले की अख्खं गाव विचारतं, राजाराम बंधाऱ्यावर फूट किती? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला आम्ही ५५ च्या वर बघितलंय, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता आणि माझी भट्टी थंड पडलेली. भाजीवाल्या मावशींनासुद्धा इथं फुटांचा हिशेब कळतो. मग त्या ओरिफिसच्या सूत्रात हा दरवाजा का नाही बसवत? तो १४२८ कसा आला, दरवाजे उघडल्यापासून बावड्याला पाणी चढायला किती तास लागले, मधे भोगावतीला कासारी, कुंभी, तुळशीचं पाणी येऊन मिळाल्यावर हिशेब कुठं बिघडतो. बिघडणारच. बिघडला पाहिजे. आणि ज्याचा कमी बिघडला त्याला जास्त मार्क देण्याऐवजी, ज्याला का बिघडला ते सांगता आलं त्याला द्या.

आता ज्या मुलीमुळं हे पत्र लिहायला बसलो तिचं सांगतो.

गेल्या वर्षीची इंटर्न. राधानगरी तालुक्यातली, घरी गुऱ्हाळ. पहिल्या दिवशी तिला मी ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटचं कास्टिंग दाखवलं, ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून झालेली भोकं पडलेलं. विचारलं, का पडतात? तिनं इंग्रजीत पाच कारणं एका दमात सांगितली. वाळूत पाणी जास्त, वाळूतून हवा न जाणं, वायू बाहेर जायची भोकं कमी, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) ओला, धातू थंड. बरोबर आहेत. मी विचारलं, “मग यातलं आपलं कुठलं?” गप्प बसली. हा प्रश्न तिला तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता.

मी म्हटलं, सहा आठवडे आहेत, दुसरं काही करू नकोस.

पहिले दोन दिवस ती वाळूवरच्या मामांजवळ नुसती उभी राहिली. मामा वाळूची मूठ आवळतात, उघडतात, मोडून बघतात आणि पाणी किती घालायचं ते ठरवतात. तीस वर्षं तेच काम. तिसऱ्या दिवशी तिनं घरनं वजनकाटा आणला, गुळाचे नमुने तोलायचा. पन्नास ग्रॅम वाळू तोलायची, तव्यावर सुकवायची, परत तोलायची. पहिल्या दिवसाचे सगळे आकडे वेडेवाकडे. एका नमुन्यात तर वाळू सुकवल्यावर जड झाली! मामा हसून लोटपोट. संध्याकाळी तिच्याच ध्यानात आलं की काटा पंख्याखाली होता. तिनं वहीत ते पान तसंच ठेवलं, वर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ‘पंखा’.

दहा दिवसांनी तिच्याकडं एक आलेख होता. सकाळी वाळूत पाणी तीन टक्क्यांच्या आसपास, दुपारी तीननंतर साडेचार-पावणेपाच. आणि खराब नग कधी ओतलेले? दुपारी तीननंतरचे. कारण सकाळच्या साच्यांची वाळू दुपारी परत यायची ती गरम. गरम वाळू मुठीला कोरडी लागते, मामा पाणी वाढवायचे. ओतताना त्या जादा पाण्याची वाफ, वाफेला वाट मिळाली नाही की धातूत भोक. मामांची मूठ तीस वर्षं बरोबर होती, पूर्वी आम्ही दिवसाला एकदाच ओतत होतो म्हणून. काम वाढलं, दोनदा ओतायला लागलो, आणि मुठीला कुणी सांगितलं नाही.

“बाईसाहेब, मग माझी मूठ खोटी म्हणायची का?” मामांनी तिला विचारलं.

“नाही मामा, वाळूच गरम आहे.”

आम्ही वाळूचा दुसरा ढीग केला, आलटून पालटून वापरायचा. त्या ब्रॅकेटात शंभराला आठ-नऊ नग जायचे, ते तीन-चारावर आले. तिला मी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, तेवढे तरी द्यायलाच हवे होते.

मग ती रिपोर्टवर सही घ्यायला आली. बेचाळीस पानं, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. कंपनीचा इतिहास, जो मला स्वतःला माहीत नव्हता. ऑर्गनायझेशन चार्ट, त्यात माझ्या खाली एचआर मॅनेजर. माझ्याकडं एचआर मॅनेजर नाही, माझी बायको पगार करते. ग्रीन सँडची, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूची माहिती, पुस्तकातली. आलेख नाही. तवा नाही. ‘पंखा’ नाही. मी विचारलं तर खाली बघून म्हणाली, “काका, सर म्हणाले फॉरमॅटमध्ये बसत नाही. आणि रिजेक्शनचं लिहिलं तर कंपनीला वाईट वाटेल.”

मला वाईट वाटेल? माझे दर महिन्याचे पैसे वाचले त्या पानामुळं! तरीही मी सही केली. पोरीचं सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. माझी ही दुसरी सही.

कॉम्प्युटरवाल्यांना वाटेल, हे फौंड्रीचं रडगाणं, आमचं काय. तुमचंही तेच आहे. भाचा एआय-एमएलला आहे. आता सगळीच तिकडं आहेत, २०२४ पासून एआयसीटीईनं प्रवेशक्षमतेवरची मर्यादा काढल्यावर तर कॉम्प्युटरच्या तुकड्यांवर तुकड्या आणि मेकॅनिकलला रिकामी बाकं. त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पिकावरचा रोग ओळखणारं ॲप. अचूकता ९८ टक्के. मी म्हटलं, चल, आमच्या उसावर चालव. गावाकडं उसात नेलं, मोबाइल धरला. तांबेरा पडलेल्या पानाला त्यानं निरोगी सांगितलं आणि माझ्या हाताला करपा. इंटरनेटवरचे फोटो स्वच्छ, प्रयोगशाळेतले. आमच्या पानावर धूळ, ऊन, किडीची विष्ठा. भाचा खट्टू झाला. मी म्हटलं, अरे मर्दा, आत्ता तुझा प्रोजेक्ट सुरू झाला. पण कॉलेजमध्ये तो आधीच संपला होता. ९८ टक्क्यांवर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, खूश होते, हाताला करपा झालेलं त्यांना दाखवायची सोय नव्हती.

आणि आता तर चॅटजीपीटी जर्नल लिहून देतो. ०.६२ पर्यंत येणारी रीडिंग तो दहा सेकंदांत तयार करतो, आणि त्यात थोडी चूकही घालतो, खरी वाटावीत म्हणून. तुम्ही ते पकडायला सॉफ्टवेअर घेणार असं ऐकतो. त्यापेक्षा पोराला विचारा, तुझा काटा पंख्याखाली होता का? हे त्याला सांगता येईल, चॅटजीपीटीला नाही.

तुमची बाजू मला माहीत नाही असं समजू नका. माझा शाळासोबती तासिका तत्त्वावर शिकवतो. आठ वर्षं तासिका तत्त्वावर! पगार कधी तीन महिन्यांनी, कधी चार. एका बॅचला वीस पोरं आणि चालू मशीन एक. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिलं सत्र दिवाळीत येऊन टेकतं आणि बारा आठवड्यांचं काम आठ आठवड्यांत. त्यावर नॅक, एनबीए या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्था, त्यांच्या फायली. तो म्हणतो, “तू रिजेक्शन म्हणतोस, पण माझ्या फाइलमध्ये अटेनमेंट, म्हणजे पोरांनी उद्दिष्ट किती गाठलं तो आकडा, तीनपैकी अडीचच्या खाली गेलं की मलाच कारणे दाखवा येते. पोराचा आकडा चुकीचा ठेवू कसा?”

हे ऐकून मी गप्प झालो. आपल्याकडं उद्दिष्टांवर आधारलेली शिक्षणपद्धत आली ती वॉशिंग्टन कराराच्या मागोमाग. २०१४ ला भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला, इथली मान्यताप्राप्त पदवी बाहेर चालावी म्हणून. हेतू चांगलाच होता. पोरगं काय करू शकतं ते बघा, तुम्ही काय शिकवलं ते नव्हे, असं त्याचं म्हणणं. मग ते ‘करू शकतं’ चौकोनातल्या आकड्यात बसवलं गेलं, आणि तुम्हीही तुमच्या पोरांसारखंच करायला लागलात. आधी अडीच लिहायचं, मग खालनं वर यायचं.

वाईट वाटलं असेल तर माफ करा, पण आमच्याकडंही काही वेगळं नाही. मोठ्या कंपनीचं ऑडिट आलं की आम्हीही रिजेक्शनचा ढीग शेडच्या मागं लपवतो आणि वर ताडपत्री टाकतो. आम्ही उद्योगवाले इंटर्नला सहा आठवडे फुकट राबवतो, फोटोकॉपी काढायला लावतो, किंवा ‘येऊ नको, सर्टिफिकेट घेऊन जा’ म्हणतो. मीही म्हटलंय, सीझनला. नवीन इंजिनिअरला पंधरा हजार देतो आणि पुण्याला का पळतो म्हणून विचारतो. पोरगं मराठीत विचार करतं, इंग्रजीत लिहितं, आणि तोंडी परीक्षेत दोन्ही विसरतं. त्याला मराठीत बोलू द्या हे मी त्या बैठकीत म्हणू शकलो असतो, म्हटलं नाही.

तर मागणं एवढंच आहे. पुढच्या बैठकीत, तक्त्यातले एक-दोन-तीन झाल्यावर, थोडा वेळ यासाठी ठेवा. प्रत्येक सत्रात निदान एक प्रॅक्टिकल असं ठेवा ज्याचं उत्तर शिकवणाऱ्यालाही माहीत नाही. जर्नलला एक पान जोडा, रिजेक्शनचं: कुठलं रीडिंग चुकलं, का चुकलं असं वाटतं, कळलं नसेल तर प्रश्नचिन्ह. त्या पानाला मार्क द्या, आणि एक्स्टर्नलला सांगा की जर्नल उघडताना आधी तेच पान उघडा. पान कोरं असेल तर पोराला विचारा, तू खरंच लॅबला आला होतास का? आणि इंटर्नशिपच्या रिपोर्टमधनं कंपनीचा इतिहास काढून टाका. एक दोष, सहा आठवडे, जे सापडलं ते. नाही सापडलं तर तेही. मॅपिंगमध्ये हे कुठल्या चौकोनात बसतं ते तुम्ही बघा, पाऊण तास लागला तरी चालेल.

माझ्याकडनं काय होईल तेही लिहितो, नुसता उपदेश नको. वडिलांचं कपाट अजून आहे. शॉपमध्ये ऑफिसच्या मागं. लाकडाला वाळवी लागली म्हणून लोखंडी केलं, आतलं सामान तेच, त्यात आमची भर. ज्या कॉलेजला हवं त्यानं घेऊन जावं, महिनाभर लॅबमध्ये ठेवावं आणि परत करावं. खडूची अक्षरं पुसू नयेत. प्रश्नचिन्हं असलेल्या तुकड्यांतले दोन मी अजून सोडवू शकलेलो नाही, तुमच्या पोरांना जमलं तर कळवा.

शिवाय दर आठवड्याला ताजं रिजेक्शन असतंच. ब्रॅकेट, पुली, पंपाच्या बॉड्या. लॅबला कापून बघायला जेवढं हवं तेवढं मोफत. वाहन तुमचं. आमची सुट्टी सोमवारी, मंगळवारी सकाळी सहाला तो ढीग परत भट्टीत जातो, त्यामुळं शनिवार दुपारपर्यंत निरोप यायला हवा. गेटवर मामांना विचारा. ते ढिगाशी नेतील, मूठ पण दाखवतील. आजकाल वाळूत आधी थर्मामीटर घालतात आणि मग मूठ आवळतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोन सह्यांचा धनी, शिरोलीतला एक फौंड्रीवाला